‘पुस्तकं देण्याघेण्यासाठी एवढं शिकायचं?’

लहानपणापासून आपल्याला ग्रंथपालच व्हायचं होतं, असं सांगणारा विद्यार्थी बी.लिब.च्या वर्गात क्वचितच सापडतो. कुणाचं बी.एड.च्या यादीत नाव लागलेलं नसतं. कुणी एम.ए. होऊन नेटची तयारी करत असताना ‘या विषयात गर्दी कमी’ असं ऐकलेलं असतं. कुणी शाळेत किंवा गावच्या वाचनालयात आधीपासूनच कामाला असतं आणि बढतीसाठी पदवीचा कागद हवा असतो. मुलं जरा हाताशी आल्यावर, एका वर्षात पदवी पदरात पडते म्हणून आलेल्या गृहिणीही बऱ्याच असतात. यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. पण अशा आडवाटेनं आलेल्या विद्यार्थ्याच्या मनात होऊ घातलेल्या व्यवसायाबद्दल पहिल्या दिवसापासून एक संकोच असतो, आणि वर्गीकरण-तालिकीकरणाच्या पेपरांत त्याबद्दल अवाक्षर नसतं.

संकोचाला खतपाणी घालणारेही भरपूर. लग्नकार्यात कुणी तरी विचारतंच, ‘लायब्ररीत का? मग काय, बसून वाचायला मजा!’ दुसरा विचारतो, ‘पुस्तकं देण्याघेण्यासाठी एवढं शिकावं लागतं?’ विद्यार्थी कसनुसं हसतो आणि पुढच्या वेळी ‘इन्फर्मेशन सायन्स करतोय’ असं सांगू लागतो. तुम्हीही तसं सांगत असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. या संकोचात खरं किती आणि ऐकीव किती, ते आधी निवडून घेऊ. मग शिकत असतानाच काय करता येईल ते पाहू.

आडवाटेनं आलेल्यांमधलं सर्वांत मोठं नाव तुम्हाला परीक्षेपुरतं पाठ आहे. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. विद्यापीठाच्या ग्रंथपालपदासाठी त्यांनी अर्ज केला त्याला पगार हे मोठं कारण होतं. ग्रंथालयाच्या कामाची त्यांची तयारी म्हणजे मुलाखतीआधी काही दिवस एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला एक लेख वाचलेला. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि काही आठवड्यांतच कंटाळले. बोलायला माणूस नाही, करायला काम नाही, वर्गात मुलं समोर असण्याची सवय. मला परत शिकवायला घ्या, म्हणून ते विनवणी करू लागले. तडजोड अशी निघाली की आधी लंडनला जाऊन तिथली ग्रंथालयं बघून या, परत आल्यावरही नको वाटलं तर गणिताची जागा तुमचीच.

लंडनला ते युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ग्रंथालय विद्यालयात शिकले. तिथे त्यांना शिकवणारे बर्विक सेयर्स हे स्वतः क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. रंगनाथन यांनी त्या मुक्कामात इंग्लंडमधली कितीतरी ग्रंथालयं पायाखाली घातली. मुलांसाठी वेगळा विभाग, कामगार वस्तीतली शाखा, कपाटांपर्यंत वाचकाला मोकळी वाट, हे त्यांनी चालू असताना पाहिलं. १९२५ मध्ये परत आल्यावर गणिताची गोष्ट त्यांनी काढली नाही. पंचसूत्रांचं पुस्तक १९३१चं, द्विबिंदू वर्गीकरण १९३३चं. आपण ही सालं घोकतो आणि त्याआधीचा कंटाळा विसरतो. ज्या पदाचा त्यांना वीट आला होता त्याचं नाव आणि पगार परत आल्यावरही तेच होते. मधल्या काळात बदललं एवढंच की त्यांनी चांगली ग्रंथालयं आतून पाहिली होती.

म्हणून पहिला सल्ला हाच. व्यवसायाबद्दल मत बनवण्याआधी ग्रंथालयं पाहा. आपल्याकडच्या विद्यार्थ्यानं बहुधा दोनच ग्रंथालयं पाहिलेली असतात. एक शाळेचं, जिथे कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. दुसरं कॉलेजचं, जिथे खिडकीतून चिठ्ठी द्यायची आणि पुस्तक मिळालं तर नशीब. एवढ्या अनुभवावर ग्रंथपालाबद्दल आदर वाटत नसेल तर दोष विद्यार्थ्याचा नाही.

अभ्यासक्रमात शैक्षणिक भेट असते. ती फोटो आणि चहापुरती आटपू देऊ नका. पुण्यात असाल तर गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय पाहा. भारत सेवक समाजाच्या १९०५ मधल्या संग्रहातून ते वाढलं. जुनी शासकीय प्रकाशनं, जनगणनेचे खंड, समित्यांचे अहवाल शोधत संशोधक तिथे येतात तेव्हा कर्मचारी त्यांच्याशी काय बोलतात ते ऐका. भांडारकर संस्थेत हस्तलिखितं कशी हाताळतात, मुंबईत एशियाटिक सोसायटीत जुनी वृत्तपत्रं कशी सांभाळतात, आयआयटीच्या ग्रंथालयात दिवसभरात छापील पुस्तकाला हात न लावता किती काम होतं, हे बघा. गोव्यात असाल तर पणजीच्या पाट्टोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पाहा. १८३२ पासूनचा वारसा आणि आजच्या मुलांचा विभाग एकाच इमारतीत सापडतो. आणि एक दिवस तुमच्याच तालुक्यातल्या ‘ब’ किंवा ‘क’ वर्गाच्या वाचनालयात संध्याकाळी पाच ते आठ बसा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. ही माहिती स्पर्धा परीक्षेला येते, पण तिथे रोज संध्याकाळी कोण येतं आणि काय मागतं, हे कुठल्याच गाईडमध्ये नसतं.

बघताना इमारत आणि संगणक मोजू नका. एकच गोष्ट टिपा. वाचक काय विचारत आला आणि काय घेऊन गेला?

आता प्रतिष्ठेकडे. या एका शब्दाखाली विद्यार्थी तीन गोष्टींची गल्लत करतात. पगार, लोकांची वागणूक आणि कामाची खरी किंमत. तिन्ही एकत्र येतातच असं नाही आणि तिन्हींसाठी करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पगाराचं चित्र विषम आहे, आणि ते कुणी साखरेत घोळून सांगू नये. वरच्या टोकाला विद्यापीठातला सहायक ग्रंथपाल आणि अनुदानित महाविद्यालयातला ग्रंथपाल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे पात्रता सहायक प्राध्यापकासारखीच, म्हणजे ५५ टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट. वेतनही त्याच दहाव्या स्तरावर, मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून. केंद्रीय विद्यालयातला ग्रंथपाल सातव्या स्तरावर, ४४,९०० पासून. नेटमध्ये आपल्या विषयाचा क्रमांक ५९. महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. बी.लिब.ला असतानाच या अभ्यासाला लागा, एम.लिब. झाल्यावर नको. अडचण एवढीच की अनुदानित जागा थोड्या, भरती रडतखडत, आणि विनाअनुदानित महाविद्यालयात याच पदाला ठोक पगारावर बसवतात. तो किती, हे संस्थाचालकाच्या मर्जीवर.

शाळांचं गणित विद्यार्थिसंख्येवर चालतं. हजाराच्या वर मुलं असतील तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशे ते हजारांत अर्धवेळ. अर्धवेळ ग्रंथपालाचं काम अर्धं नसतं, पगार मात्र अर्धा असतो. या मंडळींनी त्यासाठी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, मोर्चे काढले. लहान शाळेत तर ग्रंथपालाचं पदच नाही, ज्या शिक्षकाचे तास कमी त्याच्या गळ्यात किल्ली.

आणि खालच्या टोकाला सार्वजनिक ग्रंथालयं. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७चा, आणि राज्यात शासनमान्य वाचनालयं ११ हजारांच्या आसपास. आकडा छाती फुगवणारा आहे. पण तमिळनाडू, कर्नाटक किंवा केरळप्रमाणे आपल्या कायद्यात ग्रंथालयासाठी कर नाही. आपली पद्धत अनुदानाची. अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे संस्थेला अनुदान येतं, त्यातूनच पुस्तकं, नियतकालिकं, वीजबिल आणि पगार भागवायचे. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय झाला. तरी गावातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात बसणाऱ्या माणसाच्या हातात महिन्याला जे पडतं ते सांगायला त्याला लाज वाटते. लाज त्याला वाटायला नको, ज्यांनी त्याला वेतनश्रेणी दिली नाही त्यांना वाटायला हवी. सत्कारसमारंभात या माणसाला ‘ज्ञानयज्ञाचा ऋत्विज’ वगैरे म्हटलं जातं तेव्हा मला राग येतो. सेवेचं कौतुक करून पगार चुकवण्याची ही जुनी रीत आहे. तुम्ही या कामात जाणार असाल तर डोळे उघडे ठेवून जा, आणि तुमच्या सेवाभावाचा हिशेब दुसऱ्याला करू देऊ नका.

या दोन टोकांमध्ये जागांची आणखी एक पट्टी आहे, जिच्याकडे विद्यार्थी फिरकत नाहीत. संशोधन संस्था, बँका, वकिली कंपन्या, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग, रुग्णालयं, औषध कंपन्या. पदाच्या नावात ‘ग्रंथपाल’ हा शब्द असेलच असं नाही. जाहिरात वाचताना कामाचं वर्णन वाचा. माहिती शोधणं, नोंदी ठेवणं, संग्रह लावणं असं काही दिसलं तर अर्ज करा.

दुसरी गोष्ट वागणूक. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मधली ‘शिक्षक’ची व्याख्या उघडून पाहा, त्यात महाविद्यालयीन ग्रंथपाल आहे. म्हणजे कायद्यानं तुम्ही शिक्षक आहात. स्टाफरूममध्ये मात्र तुमची गणती बहुधा ऑफिसच्या मंडळींत होते, स्नेहसंमेलनाच्या वेळी खुर्च्या मोजायला तुम्हालाच बोलावतात, आणि परीक्षेच्या काळात ‘तुमच्याकडे काय, मोकळाच वेळ असतो’ म्हणून ग्रंथालयच वर्ग म्हणून वापरलं जातं. यावर भांडून थोडंफार मिळतं आणि जिथे हक्काचं आहे तिथे भांडावंही. पण ज्या ग्रंथपालाकडे प्राध्यापक स्वतःहून चालत येतात त्याला खुर्च्या मोजायला कुणी सांगत नाही, हेही मी पाहिलेलं आहे. ते का येतात?

इथे तिसरी गोष्ट सुरू होते, कामाची किंमत. मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते हेच.

समजा, एक मुलगी काउंटरशी येऊन म्हणते, ‘सर, शाहू महाराजांवर पुस्तक आहे का?’ देवघेव करणारा माणूस संगणकात ‘शाहू’ टाकतो, जे पहिलं दिसतं ते काढून देतो. मुलगी जाते. नोंद झाली, काम झालं. ग्रंथपाल आधी विचारतो, ‘कोणते शाहू? साताऱ्याचे की कोल्हापूरचे?’ ती म्हणते, ‘आरक्षणवाले.’ म्हणजे राजर्षी शाहू. ‘कशासाठी हवंय?’ ‘प्रकल्पाला. १९०२च्या आदेशाबद्दल लिहायचंय.’ आता कळलं की तिला चरित्र नकोच आहे. २६ जुलै १९०२ला करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा जो आदेश निघाला त्याचा मूळ मजकूर तिला हवा आहे. मग शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रानं काढलेले ‘राजर्षी शाहू छत्रपती पेपर्स’चे खंड तिच्या हाती द्यायचे, त्यात कसं शोधायचं ते दाखवायचं, आणि चरित्र लागलंच तर मग एखादं चांगलं सुचवायचं. दोन-तीन प्रश्न, पाच मिनिटं. ती मुलगी तिच्या मार्गदर्शकांना सांगते, हे लायब्ररीत मिळालं. पुढच्या आठवड्यात मार्गदर्शक स्वतः येतात.

संदर्भसेवेच्या पेपरात याला ‘संदर्भ मुलाखत’ म्हणतात आणि आपण व्याख्या लिहून पाच गुण मिळवतो. प्रत्यक्षात सगळ्या अभ्यासक्रमात हीच एक गोष्ट अशी आहे की जी शिपाई, क्लार्क किंवा सॉफ्टवेअर तुमच्याऐवजी करू शकत नाही. वाचक कधीच आपला खरा प्रश्न आधी विचारत नाही. तो आपल्या मते ग्रंथालयात काय असू शकेल याचा अंदाज बांधून तेवढंच मागतो. त्याच्या मागण्यामागचा प्रश्न काढून घेणं हे शिकावं लागतं, आणि शिकायचं तर एक साधी वही ठेवा. इंटर्नशिपला असाल तिथे रोज वाचकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहा, शेजारी खरा प्रश्न काय निघाला ते, आणि उत्तर कुठे सापडलं ते. सापडलं नाही तर तेही. मुलाखतीत ‘तुम्हाला काय येतं?’ असं विचारल्यावर ही वही समोर ठेवणारा उमेदवार लक्षात राहतो.

दुसरं एक क्षेत्र असं आहे की जिथे मराठी ग्रंथपालाला जगात पर्याय नाही, आणि त्याकडे मराठी ग्रंथपालाचंच दुर्लक्ष आहे. आपल्या लेखकांची नावं. विभावरी शिरूरकर, मालतीबाई बेडेकर आणि बाळूताई खरे ही एकच व्यक्ती. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. हे तुम्हाला माहीत आहे, संगणकाला नाही. तुमच्या ग्रंथालयाच्या तालिकेत जाऊन ‘खानोलकर’ शोधा आणि मग ‘आरती प्रभू’ शोधा. दोन्ही याद्या वेगळ्या आल्या आणि एकीतून दुसरीकडे जायला वाट नसेल (बहुतेक ठिकाणी नसते) तर कवितासंग्रह शोधणाऱ्याला कादंबऱ्यांचा पत्ताच लागणार नाही. त्यात ‘देशपांडे, पु. ल.’, ‘पु.ल. देशपांडे’, ‘देशपांडे पु ल’ अशा तीन तऱ्हा टंकलेल्या असतात, मधल्या मोकळ्या जागेचाही फरक पडतो. लग्नाआधी एका नावानं आणि नंतर दुसऱ्या नावानं लिहिलेल्या स्त्रियांची पुस्तकं तर दोन ठिकाणी विभागली जाऊन हरवतातच. प्रमाणित नावांची यादी करणं हे तालिकीकरणातलं सर्वांत कंटाळवाणं प्रकरण समजलं जातं. मराठीत ते अजून नीट झालेलंच नाही, म्हणून तुम्हाला करायला शिल्लक आहे.

त्याला जोडूनच लिपीचा प्रश्न. अनेक वाचनालयांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकीकरण केलं ते श्री-लिपी किंवा आयएसएमच्या फाँटांत. त्या नोंदी आज नव्या प्रणालीत उघडल्या की अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. मग संस्था म्हणते, सगळं पुन्हा टाइप करा. तसं करायची गरज नसते. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतो, त्यातल्या जोडाक्षरांच्या आणि रफारांच्या चुका तपासाव्या लागतात, मग तो मार्क पद्धतीत बसवून कोहामध्ये चढवता येतो. कोहा हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर मोफत आहे, न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेनं ते २००० मध्ये वापरात आणलं. घरच्या लॅपटॉपवर ते बसवून आपल्याच दोनशे पुस्तकांची नोंद करून पाहा. शासकीय ग्रंथालयांत ई-ग्रंथालय आणि महाविद्यालयांत सोल भेटेल, पण एक प्रणाली आतून कळली की बाकीच्या कळतात. जुन्या मराठी नोंदी युनिकोडमध्ये आणून देणारा माणूस म्हणून तुमचं नाव तालुक्यात झालं तर काम शोधत बसावं लागणार नाही.

शिकत असताना प्रत्येकानं एक छोटी सूची पूर्ण करावी असा माझा आग्रह असतो. मराठीत याचा मोठा आदर्श आहे. शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या चिकाटीनं १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, आणि मग १९५० पर्यंतची पुढची. आजही जुन्या मराठी पुस्तकाचं प्रकाशनवर्ष खात्रीनं हवं असेल तर अभ्यासक ‘दाते सूची’ काढतात. तुम्हाला एवढं मोठं काही करायचं नाही. तुमच्या तालुक्यातल्या संस्थांच्या स्मरणिका घ्या, किंवा एकाच दिवाळी अंकाची दहा वर्षं. ‘मनोरंजन’नं १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडल्यापासून केवढं लेखन या अंकांत छापलं गेलं, आणि त्यातलं फार थोडं गुगलला सापडतं. लेखक, शीर्षक, विषय, अंक, पान एवढीच नोंद करा. नावं प्रमाणित करा. शंभर-दीडशे नोंदी झाल्या की ती एखाद्या ग्रंथालयाला द्या, वर आपलं नाव घाला. पदवीच्या गुणपत्रिकेपेक्षा ती सूची तुमची जास्त चांगली ओळख करून देईल.

एका भीतीबद्दल बोलायला हवं, कारण ती चांगल्या विद्यार्थ्याचाही कुलूपवाला करून टाकते. पुस्तक हरवलं तर ग्रंथपालाच्या पगारातून वसुली होईल, ही ती भीती. रुजू होताना दाखल नोंदवहीवर सही घेतात आणि पहिल्या ग्रंथपडताळणीपासून माणूस बदलतो. मुक्तद्वार बंद होतं, संदर्भग्रंथ कपाटात जातात, नवी पुस्तकं ‘नोंद व्हायची आहे’ म्हणून सहा महिने टेबलाखाली राहतात. वाचक मग ज्या शब्दांत ग्रंथपालाचं वर्णन करतो ते आपण सगळे जाणतो. आपल्या प्रतिष्ठेचं सर्वांत मोठं नुकसान आपण असं स्वतःच्या हातानं केलेलं आहे.

म्हणून नियम वाचा. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २१५ सांगतो की वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं हे समजून घेण्याजोगं आहे, मात्र ते नुकसान अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेलं नसावं. हजार रुपयांवरच्या किंवा दुर्मीळ पुस्तकाची चौकशी मात्र होते. पडताळणीचंही प्रमाण तिथेच दिलं आहे: वीस हजारांपर्यंत संग्रह असेल तर दरवर्षी पूर्ण, पन्नास हजारांपर्यंत निदान तीन वर्षांत एकदा, त्याहून मोठ्या संग्रहाची नमुना पद्धतीनं. हा नियम केंद्राच्या संस्थांना लागू आहे. पण तुमच्या संस्थेत गहाळ पुस्तकांबद्दल काही धोरणच नसेल तर ग्रंथालय समितीपुढे मांडायला यासारखा आधार नाही. समितीच्या इतिवृत्तात ठराव लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर कपाटं उघडू नका, आणि ठराव झाल्यावर बंदही ठेवू नका.

महाविद्यालयात जाणार असाल तर गेल्या काही वर्षांत कामाचा नूर बदलला आहे, तोही समजून घ्या. प्रबंध ‘शोधगंगा’वर चढवणं, साम्य तपासून अहवाल देणं, नॅकच्या चौथ्या निकषाची कागदपत्रं जमवणं हे आता ग्रंथपालाकडे असतं. साम्य तपासणीच्या यंत्रातला टक्का वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पण त्या टक्क्यात अवतरणं आणि संदर्भसूची मोजली गेली आहे का, साम्य नेमकं कुठल्या प्रकरणात आहे, हे संशोधकासमोर बसून उलगडून सांगणारा ग्रंथपाल विरळा. केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली झाली, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये त्यावर ठरले. गडचिरोलीच्या सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला आता जे नियतकालिक मिळू शकतं ते कधी काळी मोठ्या शहरातही मिळत नव्हतं. पण मिळतं हे त्याला सांगायचं कुणी? लॉग-इन करून द्यायचं, त्याच्या विषयाची पाच नियतकालिकं निवडून दाखवायची, हे काम तुमचं.

‘एआय आल्यावर आमचं काय?’ हा प्रश्न हल्ली प्रत्येक वर्गात येतो. विद्यार्थी यंत्राकडून संदर्भांची यादी घेऊन येतात आणि त्यातले काही लेख कधी लिहिलेच गेलेले नसतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र बनावट. तो शोधून सापडत नाही म्हणून मूल ग्रंथपालालाच दोष देतं. अशा वेळी ‘हा लेख अस्तित्वात नाही, हे बघ कसं कळतं’ असं दाखवता आलं की झालं. खंड, अंक आणि पान क्रमांक तपासणं ही आपली जुनी विद्या आहे, तिला नवं गिऱ्हाईक मिळालं आहे.

शेवटी, नोकरी स्वीकारताना विचारायचे प्रश्न. मुलाखतीला बसलेल्या मंडळींना ते आवडतील असं नाही, तरी विचारा. पद मंजूर आणि अनुदानित आहे का? बिंदुनामावलीत कुठे आहे? विद्यापीठाची मान्यता कोण आणि कधी घेणार? ठोक पगार असेल तर किती महिन्यांचा, सुट्टीत मिळतो का? गेल्या वर्षी पुस्तकांवर किती खर्च झाला? ग्रंथालय समितीची शेवटची बैठक कधी झाली? मदतनीस किती? ग्रंथपालाकडे ग्रंथालयाव्यतिरिक्त कोणती कामं असतात? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना लोक एकमेकांकडे पाहू लागले तर काय ते समजा. नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय रुजू होऊ नका आणि दाखल नोंदवही ताब्यात घेण्याआधी पडताळणी झाल्याचा कागद मागा. आधीच्यांची गहाळ पुस्तकं तुमच्या खात्यावर यायला नकोत.

रुजू झाल्यावर पहिला महिनाभर कपाटांची मांडणी बदलू नका, नवे फलक लावू नका. काउंटरला स्वतः बसा, आणि कोण काय मागतं ते वहीत लिहा. कुठल्या विषयाचे प्रश्न पुन्हा पुन्हा परत जातात ते महिन्याअखेरीस दिसेल. पहिली खरेदी-यादी त्यावरून करा, आणि ज्यांचं मागणं तेव्हा पुरवता आलं नव्हतं त्यांना फोन करून सांगा की पुस्तक आलं आहे.